काहिलीतला पाऊस

मला आधी नीट बघून घ्या, म्हणजे पुढं गोंधळ होणार नाही. आठ फूट रुंद लोखंडी अंग. पोटात सिमेंटचे डोंगर, डोंगरांच्या पायथ्याला स्पंजाची भातशेती, मधून एक ओढा, आणि ओढा संपतो तिथं माझ्या बुडाला अंगठा जाईल एवढं भोक. बोरतळे गावच्या शाळेच्या व्हरांड्यात मी असते. शाळेच्या नोंदवहीत माझं नाव 'शैक्षणिक साहित्य, मोठे' असं आहे. मुलं मला डोंगराची परात म्हणतात. परवा एक पाहुणे आले, ते विचारतात, "गणपतीची आरास अजून काढली न्हाय व्हय?"

आरास! अहो, मी जन्मानं काहील आहे. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवतात ना, ती गुळाची काहील.

कोल्हापुरात एका लोहाराच्या शेडमध्ये पत्रे ठोकून मला घडवलं. जन्माची पहिली आठवण म्हणजे दणदणाट. म्हणूनच की काय, मला हळू बोलता येत नाही. कोल्हापूरची आहे म्हणूनही असेल.

तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उताणी पडून मी बोरतळ्याला आले, बाळासोंच्या गुऱ्हाळावर. बाळासो म्हणजे असा माणूस की आवाज आधी पोचतो आणि माणूस मागनं येतो. मिशा जोरदार, मन मोठं, आणि ज्यातलं कळत नाही त्यात हात घालायची हौस तर फारच मोठी.

रसाचा गूळ करणारा कारागीर म्हणजे गुळव्या. आमचा गुळव्या केरबा. हा माणूस बोलायला अगदी कंजूष. रस उकळून दाट झाला की बोटं गार पाण्यात बुडवायचा, पाक चिमटीत धरायचा, डोळे मिटायचा आणि एक ते दहा मोजायचा. दहाला म्हणायचा, "उतरा!" मग चार गडी मला आडव्या वाशांवर उचलून तिरकी करायचे. केरबाच्या मते अकराव्या अंकाला गूळ काळा पडतो. बारा वर्षांत त्यानं अकरा म्हटलेलं मी ऐकलं नाही.

गूळ खाऊन लोक कोल्हापूरच्या मातीला वाखाणायचे, पाण्याला वाखाणायचे, केरबाच्या हाताला वाखाणायचे. चुलाणावर बूड भाजून घेणारीचं नाव कुणी काढलं नाही. असो.

चौऱ्याण्णव सालच्या हंगामात बाळासोंच्या सासुरवाडीची माणसं गुऱ्हाळ बघायला आली. त्यांच्यापुढं मिरवायला बाळासो स्वतः चुलाणापाशी बसले आणि चिपाडं आत कोंबायला लागले. केरबा म्हणाला, "मालक, बास." बाळासो म्हणाले, "आरं, बघू दे की पावण्यांस्नी जाळ कसा असतोय!" जाळ पाहुण्यांनी बघितला. मीही बघितला, अगदी जवळून. माझं बूड कडेपाशी लाल झालं, पत्रा फाटला आणि अख्खा रस चुलाणात गेला. जळक्या साखरेचा वास पार आजऱ्यापर्यंत गेला असं बाळासो पुढं कौतुकानं सांगायचे.

केरबानं टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि निघून गेला. त्या दिवसापासून तो बाळासोंशी बोलायचा बंद झाला. तसाही गावचा ऊस बिद्रीच्या कारखान्याला जायला लागला होता. गुऱ्हाळ थांबलं. मला शेडमागं पालथी टाकली. बाळासो निवडणुकीला उभे राहून सरपंच झाले आणि माझ्याखाली एका तांबड्या कोंबडीनं संसार थाटला.

तीन वर्षं मी कोंबडीचं छप्पर होते. वाईट नव्हतं तसं. पण ज्या पोटात दोनशे घागरी रस उकळला, त्यात आता फक्त 'कुक् कुक्' घुमायचं.

एके दिवशी कुणीतरी मला कडेनं उचलून आत डोकावलं. कोंबडीनं त्या माणसाच्या नाकावर चोच मारली. "आई गं!" असा आवाज आला. रुद्राणीची आणि माझी ओळख झाली ती अशी.

रुद्राणी ही गावातल्या किराणा दुकानदार सोमलिंगआप्पांची लेक. कोल्हापुरात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची, रोज एस.टी.नं जायची-यायची. नाकाला रुमाल लावून ती तशीच बाळासोंकडे गेली.

"काका, ती काहील मला द्याल?"

"काय करतीस? लग्नात जिलेब्या तळतीस व्हय?"

"न्हाय. पाऊस पाडायचाय."

"काहिलीत?"

"काहिलीत."

बाळासोंनी जरा विचार केला. "ने की. पर कोंबडीला तेवढं इचार."

तिला पाऊस कशाला पाडायचा होता ते सांगते. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक जुनं तळं आहे. तीन डोंगरांचं पाणी त्यात येतं, तिथून ओढ्यानं खाली येतं, आणि ओढा जिथं वळतो तिथं खालची आळी आहे. मातीच्या भिंतींची वीस-बावीस घरं. आदल्या पावसाळ्यात आळीत गुडघाभर पाणी शिरलं होतं. भाजी विकणाऱ्या बनाबाईची चूल विझलीच, वर भाकरीचा तवा तरंगत शेजारणीकडे गेला. बनाबाई म्हणायची, "तवा गेला त्याचं न्हाय, पर शेजारीण म्हणती तिचाच हाय!"

तळं गाळानं भरत आलं होतं. उन्हाळ्यात तिथं पोरं क्रिकेट खेळत. आणि सरपंच बाळासोंच्या डोक्यात एक योजना शिरली होती: तळं मुरूम टाकून बुजवायचं आणि तिथं हेलिपॅड करायचं.

"मंत्रीसाहेब यायचं म्हणत्यात," ते सांगायचे. "हेलिकॉप्टर उतरणार कुठं? सोमलिंगाच्या दुकानावर?"

रुद्राणीचं म्हणणं असं, की तळं पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. ते बुजवलं तर सगळं पाणी एकदम धावत खाली येईल. पण किती येईल, किती लवकर येईल, हे नुसतं बोलून कुणाला पटणार? म्हणून अख्खं खोरं लहान करून एका भांड्यात बसवायचं आणि त्यावर पाऊस पाडून बघायचं. तेवढं मोठं भांडं गावात एकच होतं. सांगायला संकोच वाटतो, पण मीच ती.

मला उताणी केल्याची बातमी केरबाला लागली आणि तो न बोलावता आला. भोकावरून त्यानं बोट फिरवलं. "हितनं गळाली हुती."

"मामा, गळू दे तिथनंच," रुद्राणी म्हणाली. "आपला ओढा तिथंच संपवायचा."

ज्या भोकानं माझी गुऱ्हाळातली नोकरी गेली, त्याच भोकावर मला दुसरी लागली. सरकारी माणसांनासुद्धा इतकं सहज जमत नाही.

दोघांनी मिळून माझ्या पोटात डोंगर उभे केले. भातखाचरांना स्पंज लावला, कारण खाचरं पाणी पितात. तळ्याच्या जागी वाडग्याएवढा खड्डा ठेवला, त्याला बांध घातला, बांधात पाणी सोडायला एक छोटी मोरी आणि वरून जादा पाणी जायला सांडवा. पाऊस म्हणजे बागेतली झारी. भोकाखाली एक फळी आणि फळीवर सोमलिंगआप्पांच्या दुकानातल्या सरबताच्या बारा रिकाम्या बाटल्या ओळीनं. दर दहा सेकंदांनी फळी सरकवायची, म्हणजे नवी बाटली भोकाखाली येते. पाऊस संपल्यावर बाटल्यांकडे बघितलं की कळतं, पाणी केव्हा कमी आलं आणि केव्हा जास्त. पाणी शहाण्यासारखं हळूहळू आलं तर बाटल्यांमधली पातळी उतरत्या माळासारखी दिसते. एकदम आलं तर मध्येच कडा उभा राहतो.

रुद्राणीनं कॉलेजातलं घड्याळ आणलं. दुसऱ्या दिवशी त्याची बॅटरी संपली. केरबा म्हणाला, "मी मोजतो की." तिनं नंतर नव्या बॅटरीनं तपासलं. केरबाचे दहा अंक म्हणजे प्रत्येक वेळी अकरा सेकंद. सकाळी अकरा, दुपारी अकरा, जेवल्यावरही अकरा. तिनं घड्याळ पिशवीत ठेवून दिलं.

खालच्या आळीची घरं आधी काड्यापेट्यांची केली होती. ती थेंब पडताच तरंगून गावभर फिरायची. केरबा घरी जाऊन गुळाचा खडा घेऊन आला आणि त्यानं सुरीनं बारकी घरं कापली. "घर कसं, भिजलं की खचाय पायजे," तो म्हणाला. "मातीचं तसंच असतंय."

पोटात परत गूळ आला! मला भरून आलं. मुंग्यांनाही आलं. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीत इतक्या मुंग्या होत्या की रुद्राणी म्हणाली, "लोकसंख्या वाढली."

आणि मग आमची तांबडी कोंबडी. तिच्या मते घर तिचंच होतं. एका सकाळी ती तळ्यात बसलेली सापडली. उठवलं तर खाली अंडं. रुद्राणी हसत सुटली आणि मग एकदम थांबली. अंडं तसंच ठेवून तिनं पाऊस पाडला. चौथी बाटली आदल्या दिवसापेक्षा चार बोटं वर भरली.

"मामा, हा गाळ!" ती ओरडली. "तळ्यात गाळ साचला की असंच होतंय. जागा कमी, पाणी खाली!"

केरबानं अंडं उचललं, धोतराला पुसलं. "आता गाळ काढला," म्हणाला, आणि घरी नेऊन उकडून खाल्लं.

एक मे अठ्ठ्याण्णवला देवळापुढच्या मांडवात ग्रामसभा भरली. मला बैलगाडीतून नेलं. बाळासो टेबलामागं, शेजारी फळ्यावर हेलिपॅडचा नकाशा. खालची आळी सगळी पुढं बसलेली, आणि सगळ्यात पुढं बनाबाई.

पहिला पाऊस तळं रिकामं ठेवून पाडला. रुद्राणीनं दोन बादल्या पाणी झारीनं सारखं फिरवत ओतलं. केरबा मोजत होता, फळी सरकत होती. डोंगरावरून पाणी तळ्यात आलं, थांबलं, मोरीतून सावकाश निघालं. सगळ्यात जास्त भरली ती सातवी बाटली, तीही अर्धीच. गुळाच्या घरांचे पाय ओले झाले, बाकी काही नाही.

"आता हेलिपॅड," रुद्राणी म्हणाली. तिनं तळ्यात चिखल ठासून भरला, वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, त्यावर खडूनं इंग्रजी एच काढला. बाळासो भलतेच खूश झाले. त्यांनी खिशातून खेळण्यातलं हेलिकॉप्टर काढलं. पेठ वडगावच्या बाजारातून मुद्दाम आणलं होतं. ते फरशीवर ठेवून म्हणाले, "बगा! कसं झाक दिसतंय!"

पुन्हा तेवढंच पाणी, तीच झारी. डोंगरावरून पाणी आलं, फरशीवरून सरळ घसरलं आणि ओढ्यात धावलं. तिसरी बाटली काठोकाठ भरली, चौथी भरून वाहिली. हेलिकॉप्टर उडालं नाही, पोहत निघालं. बनाबाईनं ते भोकापाशी पकडलं. मग तिची नजर आळीकडे गेली. गुळाची घरं एकेक करून खचत होती. वळणावरचं तिसरं घर बसलं, विरघळलं, तांबडं पाणी होऊन बाटलीत गेलं.

"माझं घर हाय की वो ते!" बनाबाई उभी राहिली. "वळणावरचं तिसरं! सरपंच, माझं घर सरबताच्या बाटलीत गेलं!"

मांडवात एकच गलका झाला. बाळासोंनी टेबल बडवलं. "थांबा! थांबा! एक इचारतो. रुद्राणी, तू तळं रिकामं ठिवलंस. पावसाळ्यात तळं रिकामं असतंय व्हय? भरल्यालं तळं घे आन् मग दाव!" आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी तळ्यातला चिखल उपसला आणि पुढ्यातला पाण्याचा तांब्या तळ्यात ओतला. तळं काठोकाठ भरलं.

केरबानं नवी गुळाची घरं मांडली. तो बनाबाईला म्हणाला, "सरपंचांस्नी सांग, ह्ये बेइमानीचं हाय." बाळासो दोन हातांवर होते, पण सांगणं बनाबाईकडूनच.

रुद्राणीनं तिसऱ्यांदा पाऊस पाडला. भरलेल्या तळ्यात पाणी मावलं नाही, सांडव्यावरून खाली आलं. पाचवी बाटली जवळजवळ गळ्यापर्यंत भरली. गुळाची घरं थोड्या उशिरानं, पण खचलीच.

बाळासो मिशीवर हात फिरवायला लागले. मला वाटलं, आता ही पोरगी काहीतरी सावरून बोलेल. झारी चुकली म्हणेल, केरबाचं मोजणं चुकलं म्हणेल. कुणाला काय कळणार होतं?

रुद्राणीनं पदरानं हात पुसले. "काकांचं बरोबर हाय," ती म्हणाली. "भरलेलं तळं लई काही अडवत न्हाय. मला हे आधीच दाखवायला पायजे होतं, ते राहिलं."

बाळासोंचा हात मिशीवर तसाच थांबला. बरोबर आहे असं ऐकायची त्यांना सवय नसावी.

"पर तळं बुजवलं तर ते कधीच रिकामं असणार न्हाय," ती पुढं म्हणाली. "ठिवलं, गाळ काढला, पावसाळ्यात मोरी उघडी ठिवून जागा राखली, तर बहुतेक पाऊस त्यात मावंल. आणि एखाद्या वर्षी नाहीच मावला, तर निदान हे बघा." तिनं बाटल्यांवर बोट ठेवलं. "हेलिपॅडला तिसरी बाटली भरली. भरलेल्या तळ्याला पाचवी. दोन बाटल्यांचा हा फरक म्हणजे पळून जायला मिळालेला वेळ."

"किती वेळ?" बनाबाईनं विचारलं. "काहिलीतल्या दोन बाटल्या म्हंजे आमच्या आळीत किती?"

"ते मला अजून ठाऊक न्हाय, मावशी. ते खऱ्या पावसात उभं राहूनच कळंल."

हात वर करून मतं घेतली. हेलिपॅडच्या बाजूनं बाळासोंचा एकट्याचा हात वर गेला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, त्याच हातानं टोपी नीट केली आणि म्हणाले, "म्हंजे एकमतानं ठरलं. तळ्याचा गाळ काढायचा."

मे महिन्यात अख्खं गाव गाळ काढायला उतरलं. गाळ शेतात गेला. तळ्यात एक जुना पितळी हंडा, सात चेंडू आणि बनाबाईच्या सासूची हरवलेली पाटली सापडली. हेलिपॅड गावाबाहेर माळावर केलं. मंत्री आले ते गाडीतून.

त्या पावसाळ्यात रुद्राणीनं सांडव्यावर लाल पट्टा रंगवला. पाऊस लागला की केरबा बांधावर छत्री घेऊन बसायचा. लाल पट्टा बुडाला की बिस्किटाचा पत्र्याचा डबा बडवायचा. खाली वळणावर रुद्राणी घड्याळ घेऊन उभी असायची, ओढ्याचं पाणी आळीच्या पायरीला केव्हा टेकतं ते बघत. तीन पावसांत तिला तीन वेगवेगळे आकडे मिळाले: पन्नास मिनिटं, बेचाळीस, पस्तीस. केरबा म्हणाला, "मधला धर." रुद्राणी म्हणाली, "न्हाय मामा. सगळ्यात कमी धरायचा. जास्तीचा वेळ मिळाला तर कुणी मरत न्हाय." देवळाच्या भिंतीवर तिनं रंगानं लिहून टाकलं: लाल पट्टा बुडाला की पस्तीस मिनिटांत आळी रिकामी.

मोरी उघडायचं काम बनाबाईनं मागून घेतलं. पुढच्या वर्षापासून ती पावसाळाभर रोज सकाळी बांधावर जाऊन पाणी बघायची. सहा वर्षं पट्टा कोरडा राहिला. लोक चेष्टा करायला लागले. "बनाबाई, पट्ट्याला कुंकू लाव," म्हणायचे.

मी तोवर शाळेत आले होते. म्हणून दोन हजार पाच सालच्या जुलैचं जे सांगते, त्यातलं निम्मं मी व्हरांड्यातून बघितलं आणि निम्मं बनाबाईनं सांगितलं.

सलग सहा दिवस पाऊस. सगळ्या जिल्ह्यातच पाणी पाणी. मोरी पूर्ण उघडी होती, तरी तळं चढत होतं. सातव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बांधावरून थाळीचा आवाज आला. थांबेचना. लाल पट्टा बुडाला होता.

बनाबाई थाळी वाजवत आळीतून धावली. "उठा! पस्तीस मिन्टं! उठा!" लोक म्हशी सोडून, पोरं काखेत मारून, गोधड्या डोक्यावर घेऊन शाळेत आले. व्हरांडा भरला. माझ्या सह्याद्रीवर तीन पोरं, दोन शेळ्या आणि एक टीव्ही येऊन बसला.

बाळासो तेव्हा सरपंच नव्हते, पण डोकी मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "केरबा कुठाय?"

केरबा आळीतल्या आपल्या घरातच होता. त्याचा गुडघा दोन वर्षांपासून गेला होता. प्रत्येकाला वाटलं होतं, त्याला दुसऱ्या कुणीतरी आणलं असेल.

बाळासो तसेच पावसात उतरले. बनाबाई मागं पळाली. केरबा बाजेवर बसला होता, दारात पाणी आलं होतं. बाळासोंना बघून त्यानं तोंड फिरवलं.

"बनाबाई, ह्यांस्नी सांग, मी त्यांच्या पाठीवर येणार न्हाय."

"बनाबाई, त्याला सांग, मी इचारत न्हाय."

बाळासोंनी त्याला उचललं आणि पाठंगुळी मारलं. आळीतून निघाले तेव्हा पाणी पोटरीला होतं. केरबा वरून मोजायला लागला. "एक... दोन... तीन..." दहा झाले की ओरडायचा, "फुडची बाटली!" आणि परत एकपासून. पाणी गुडघ्याला आलं.

"आता गप बस की!" बाळासो धापा टाकत म्हणाले.

"आठ... नऊ... पाय उचला, बाळासो. अकरा झालं की गूळ काळा पडतोय."

अकरा वर्षांत केरबा त्यांच्याशी पहिल्यांदा सरळ बोलला होता. बनाबाई सांगते, बाळासो ते ऐकून पाण्यातच क्षणभर थांबले आणि मग असे सुटले, की तिला छत्री घेऊन मागं पळता येईना.

शाळेत येऊन त्यांनी केरबाला माझ्यात आणून ठेवलं. शेळ्या हाकलल्या, टीव्ही सरकवला, केरबाला डोंगरावर बसवलं. थाळी वाजल्यापासून अडतिसाव्या मिनिटाला ओढा आळीत शिरला होता. आता चार घरांच्या भिंती बसल्या. वळणावरचं तिसरं घर त्यात होतं. आत कुणी नव्हतं. बनाबाई कठड्याला धरून बघत होती. भिंत गेली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तवा आणलाय मी."

मग केरबानं माझ्या कडेवर हात ठेवला.

"काहील जाळलीसा तुम्ही."

"व्हय," बाळासो म्हणाले. ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले होते, अंगातून पाणी निथळत होतं. "मीच जाळली. चुकलं माझं."

केरबानं टॉवेल काढला, पिळला आणि त्यांच्याकडे फेकला. "डोकं पुसा."

आता दोन हजार नऊ चाललंय. केरबाला जाऊन दोन वर्षं झाली. बनाबाईचं घर विटांचं झालं आणि ते वरच्या अंगाला आहे, तरी ती सकाळी बांधावर जातेच. रुद्राणी आता बाहेरगावी असते, दर उन्हाळ्यात येते. तिच्याकडे आता कॉम्प्युटर आहे. त्यात म्हणे बटण दाबलं की पाऊस पडतो, आणि शंभर तळी भरता-रिकामी करता येतात. असेल. त्या पावसात कुणाचे पाय भिजत नाहीत, एवढंच मी म्हणते. पण ती भली बाई आहे. जाताना माझ्या डोंगरांना सिमेंटचा हात फिरवून जाते.

गेल्या महिन्यात नवे सरपंच व्हरांड्यात आले होते. हातात नकाशा होता. तळ्याच्या जागी दुकानांचे गाळे, चांगले दोन मजली. मला बघून त्यांनी गुरुजींना विचारलं, "हे भंगारात का टाकत न्हाय?"

तर मंडळी, माझी एवढीच विनंती. मला भंगारात घाला, काही म्हणणं नाही. लोखंडाचा जन्म आहे, पुढच्या खेपेला कदाचित तव्याचा येईल. पण त्याआधी एक दिवस काढा. नकाशा घेऊन या, झारी भरून आणा. तळं बुजवून पाणी ओता, तळं ठेवून ओता, तळं भरून ओता. माझं ऐकू नका, पाण्याचंच बघा. फक्त ओतायला दुसऱ्या कुणाला सांगा. आणि तुम्ही स्वतः, सरपंच, चपला काढून भोकाच्या बाजूला, आळी आहे तिथं, येऊन उभे राहा.